वाकडी जाळी

३ सप्टेंबर, रविवार

आज बागेतले किडे बघत चालायला बरीच माणसं आली आणि दाखवायला जवळपास काहीच नव्हतं. बागेचा मागचा पट्टा, जिथलं गवत कुणी कापत नाही, तो या दिवसांत नुसता वळवळत असतो. गेल्या वर्षी रुईच्या एकेका पानाखाली मावा, माव्याभोवती मुंग्या, मुंग्यांच्या मागावर कोळी, असा सगळा संसार मांडलेला होता. आज पान उलटलं तर नुसतं पान. कॅशिअर वाकून म्हणाले, "बाई, इथे आहेत ना थोडे." मी म्हटलं, ती धूळ आहे. त्यांनी मान डोलावली.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून कॅशिअर आमच्या गटात आहेत. भिंग, पाण्याची बाटली आणि माझी छत्री, तिन्ही ओझी त्यांच्याकडे. "जन्मभर नोटा मोजल्या, आता पाय मोजतो. किड्याचे सहा, कोळ्याचे आठ," हा त्यांचा ठरलेला विनोद. नवे लोक हसतात. जुने लोक हसल्यासारखं करतात.

पिवळ्या फुलात पिवळा होऊन बसणारा खेकडा-कोळी शोधायचा खेळही घेतला. हा माझा हातखंडा. आज गटातल्या फोटोवालीला दोन-तीन सापडले, मला एकही नाही. तिने बोट लावून दाखवला तेव्हा मी "हो, हो" म्हटलं. ऊन तोंडावर होतं.

मन खट्टू झालं. शाळेत मुलांना पुस्तकातली चित्रं दाखवण्यात उमर गेली. आता कुठे जिवंत काही दाखवायची सवड मिळाली, तर दुकान रिकामं.

११ सप्टेंबर, सोमवार

न्हाणीघराच्या फरशा ज्या गवंड्याने बसवल्या त्याला धरून आणायला हवा. रेघा सापासारख्या गेल्या आहेत. इतके दिवस आमच्या लक्षात कसं आलं नाही, याचंच नवल. भावजयीला हाक मारून दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "वन्सं, सरळच तर आहेत."

"तुला सरळ म्हणजे काय ते तरी कळतं का?" मी म्हटलं.

ती स्वयंपाकघरात निघून गेली. भाऊ पेपर वाचत होता. पेपरात शिरून बसायची त्याची कला जुनी आहे.

मग चहाही बशीत सांडला. तिने नवे कप आणले आहेत, तोंडाला अरुंद. काही म्हणाले नाही. एका दिवसात एकच वाद पुरे.

१७ सप्टेंबर, रविवार

आज उलगडा झाला.

घाणेरीच्या झुडपात मोठ्या कोळ्याचं जाळं होतं, चांगलं हातभर. सकाळच्या दवात लखलखत होतं. मी नेहमीप्रमाणे सांगायला सुरुवात केली की बघा, मधून बाहेर जाणारे धागे कसे पट्टीने आखल्यासारखे असतात. आणि बोलता बोलता थांबले. धागे आखलेले नव्हते. मधोमध सगळे वाकले होते, पाण्यात काठी वाकडी दिसते तसे. एका ठिकाणी तर जाळं विरघळल्यासारखंच होतं. पुढच्या झुडपाशी गेले. तिथेही तेच.

कोळ्याच्या अंगात विष गेलं की त्याचं विणकाम बिघडतं, हे मी वाचलेलं आहे. आणि मग सगळं एका ओळीत आलं. मावा नाही, मुंग्या नाहीत, फुलांत कोळी नाहीत. बागेत कुणीतरी औषध फवारतंय.

मी हे सगळ्यांना सांगितलं. मी फोटोवालीला म्हटलं, "काढ फोटो. पुरावा लागेल. दिसतंय ना तुला कसं वाकडं आहे?"

ती कॅमेऱ्यातून बघत राहिली. "हो बाई," ती म्हणाली. "म्हणजे, वाराही आहे थोडा."

"वाऱ्याने जाळं हलतं. वाकडं विणलं जात नाही."

"बरोबर," कॅशिअर म्हणाले. "बाई म्हणतात ते बरोबर."

घरी येताना पाय भराभर पडत होते. खूप दिवसांनी आपण कशाच्या तरी उपयोगाचे आहोत असं वाटलं. हे लिहायला नको होतं, पण डायरीत खोटं लिहून मिळायचं काय.

२१ सप्टेंबर, गुरुवार

उद्यान विभागात गेले. तिथला साहेब माझा जुना विद्यार्थी निघाला. मला खुर्ची दिली, स्वतः उभा राहिला. चेहरा काही ओळखू येईना, पण वर्गात मागच्या बाकावर बसून शेंगा सोलायचा तो, हे आवाजावरून आठवलं.

फोटो टेबलावर मांडले. त्याने एकेक उचलून पाहिला, उलटा करून पाहिला, खिडकीशी नेऊन पाहिला. "बाई, मला तर जाळी दिसतायत. यात वाकडं म्हणजे नेमकं..."

मी त्याला कोळ्याचं विणकाम समजावून सांगितलं. त्याच्या परीक्षेच्या वेळी सांगितलं होतं तितक्याच सबुरीने. शेवटी तो हसला. "तुम्ही सांगताय म्हणजे असणारच. तुमच्यापुढे आम्ही काय बोलणार?"

बागेची फवारणी माळी बघतो म्हणे. विचारतो त्याला, म्हणाला.

२८ सप्टेंबर, गुरुवार

माळी घरी आला होता. दुपारची वेळ, मी नुकतीच आडवी झाले होते. दारात उभा राहिला. उंच माणूस, टोपी हातात.

"बाई, मी काही फवारलं नाही. पंप कुलपात आहे. किल्ली साहेबांकडे असते."

"मग बागेतले किडे गेले कुठे?"

"आहेत की. रोज चावतात मला."

मला ते उद्धट वाटलं. मी म्हटलं, "हे बघा, मी तुमच्याशी भांडायला बसलेली नाही. जे दिसलं ते मी सांगितलं. तुम्ही काय फवारलं ते साहेबांना सांगा."

"जे केलंच नाही ते कसं सांगू?"

तो तसाच उभा राहिला. भावजयीने आतून पाणी आणून दिलं, आत येऊन बसा म्हणाली. तो बसला नाही. पाणी प्यायला, भांडं तिच्या हातात दिलं आणि गेला.

"खरं बोलत होता तो," भावजय म्हणाली.

"कशावरून?"

"तोंडावरून."

तोंडावरून माणूस ओळखता आला असता तर मग काय हवं होतं, असं मी म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलं. म्हणजे पाहिलं असावं. खोलीत अंधार फार असतो हल्ली, पडदे बदलायला हवेत.

८ ऑक्टोबर, रविवार

साहेबाचा फोन आला. माळ्याला बागेतून काढून कचरा डेपोवर टाकलं. ओला-सुका कचरा वेगळा करायचं काम. "तुमचा शब्द म्हणजे आम्हाला पुरावाच, बाई," तो म्हणाला.

मला इतकं नको होतं. समज दिली असती तरी चाललं असतं. पण मी ते फोनवर म्हणाले नाही. उलट "बरं केलंस" असं म्हणाले, आणि तोंडातून गेल्यावर तो शब्द परत घ्यावासा वाटला.

गटात सांगितलं तेव्हा दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. फोटोवाली आली नव्हती. तिला बरं नाही म्हणे.

२२ ऑक्टोबर, रविवार

किडे अजून परतलेले नाहीत. विष मातीत राहतं, वेळ लागणारच. जाळी मात्र आणखी बिघडली आहेत. आज एका जाळ्याच्या मधोमध मला कोळीच दिसला नाही, नुसता करडा डाग. मी म्हटलं, बघा, घर टाकून गेला. एक नवीन बाई म्हणाल्या, "अहो, तो काय मध्येच बसलाय." कॅशिअरनी त्यांना काहीतरी हळूच सांगितलं. त्या एकदम वाजवीपेक्षा जास्त गोड बोलू लागल्या.

फोटोवाली आजही नाही.

परतताना पायरी चुकली. गुडघा फुटला. पायऱ्यांच्या कडा झिजवून ठेवल्या आहेत, त्याचीही तक्रार करायला हवी.

५ नोव्हेंबर, रविवार

लिहवत नाही, पण लिहिते.

पट्ट्याच्या टोकाला जुन्या जांभळाची खाली वाकलेली फांदी आहे. तिच्यावर गांधीलमाश्यांचं घर लटकलेलं होतं, कागदासारखं राखाडी. मी म्हटलं, मोसम संपला, हे रिकामं आहे. आतली षट्कोनी घरं सगळ्यांना दिसावीत म्हणून कॅशिअरना सांगितलं, फांदी जरा खाली ओढा.

ते थांबले. "ओढू?" म्हणाले.

"ओढा. रिकामं आहे ते."

त्यांनी ओढली.

त्यानंतरचं मला नीट दिसलं नाही. आवाज ऐकू आला, पत्र्यावर वाळू पडावी तसा. लोक पळाले. कुणीतरी मला दंडाला धरून ओढलं. कॅशिअर दोन्ही हातांनी तोंड झाकून गवतात बसले होते. मग त्यांना श्वास घेता येईना. कुणाची तरी गाडी होती, तिच्यात घालून नेलं. त्यांचं भिंग माझ्या हातात राहिलं. कुणी दिलं, कधी दिलं, आठवत नाही.

७ नोव्हेंबर, मंगळवार

जिवावरचं टळलं, असं डॉक्टर म्हणाले.

दवाखान्यात गेले. त्यांच्या पत्नी उशाशी बसल्या होत्या. कॅशिअरचा चेहरा सुजलेला असणार. मला पांढऱ्या उशीवर एक काळपट गोळा दिसत होता. मी म्हटलं, माझा अंदाज चुकला. मोसम संपला की माश्या घर सोडतात, या वर्षी उशीर झाला असेल.

मग जाड झालेल्या जिभेने म्हणाले, "बाई, मला दिसत होत्या."

"काय?"

"माश्या. घरावर बसलेल्या होत्या. पुष्कळ."

"मग ओढलीत कशाला?"

"तुम्ही रिकामं म्हणालात."

ते पुढे म्हणाले, "वाटलं, मलाच काही कळत नसेल. तुम्हाला माहीत असणार."

त्यांच्या पत्नी मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. "राग नाही माझा," त्या म्हणाल्या. "पण आता हे येणार नाहीत. आणि तुम्हीही कुणाला नेऊ नका." कठड्यावर माझा हात स्वतः ठेवून दिला आणि मग वळल्या. तो हात ठेवणं मला त्यांच्या बोलण्याहून जास्त लागलं. का, ते कळत नाही.

ऊन समोरून होतं. हे मी त्यांना सांगायला विसरले.

८ नोव्हेंबर, बुधवार

भावजयीने आज मला खिडकीत बसवलं. समोर स्वतः बसली. म्हणाली, "वन्सं, डावा डोळा झाका आणि माझ्याकडे बघा."

मी म्हटलं, हा काय पोरखेळ. पण तिचा आवाज नेहमीचा नव्हता, म्हणून झाकला.

"आता उजवा झाका. बघा माझ्याकडे. मी हसतेय का रडतेय?"

तिच्या खांद्यांची कड दिसत होती, मागचं दार दिसत होतं, तिचे मांडीवरचे हातही. चेहऱ्याच्या जागी धुकं होतं. मी म्हटलं, "हसतेयस."

तिने माझा हात धरून स्वतःच्या गालावर ठेवला. गाल ओला होता.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. त्यांनी चौकटी-चौकटींचा एक कागद हातात दिला आणि मधल्या ठिपक्याकडे बघायला सांगितलं. मी म्हटलं, "डॉक्टर, हा छापताना सरकलाय. रेघा मधे वाकल्यात."

त्यांनी तो कागद भावजयीला दाखवला. ती म्हणाली, "सरळ आहेत." अगदी हळू म्हणाली.

मग त्यांनी समजावलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग बिघडतो. आधी सरळ रेघ वाकडी दिसते, मग मधे डाग पडतो. कडेचं दिसत राहतं म्हणून माणूस चालतो-फिरतो आणि त्याला कळत नाही. डाव्या डोळ्यातला डाग पक्का झालाय, त्याला इलाज नाही. उजव्यात सुरू आहे. इंजेक्शनं द्यायची, थांबला तर थांबला.

"रेघा वाकड्या कधीपासून दिसतात?" त्यांनी विचारलं.

मी सप्टेंबर म्हटलं.

"तेव्हाच यायला हवं होतं," ते म्हणाले. रागाने नाही. त्यांना दिवसातून अनेकदा म्हणावं लागत असेल.

घरी येऊन कपाटातून जाळ्यांचे फोटो काढले. उजव्या डोळ्यासमोर एकेक धरला. जाळी वाकडीच होती. आणि फोटोची पांढरी कडही वाकडी होती. ती कड काही कोळ्याने विणलेली नव्हती.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

पहिलं इंजेक्शन झालं. दुखलं नाही, भीती मात्र मणभर. आता जाड पेनाने, मोठ्या अक्षरात लिहिते. एका पानावर चार वाक्यं मावतात. बोलघेवड्या बाईला चांगली अद्दल.

भाऊ आज पेपर घेऊन माझ्या शेजारी बसला आणि मोठ्याने वाचू लागला. अपघात, सोन्याचा भाव, हवामान, सगळं. मधेच म्हणाला, "ताई, फरशांच्या वेळीच मला कळायला हवं होतं." मी म्हटलं, "गवंड्याला शिव्या घालण्यात मी गुंतले होते, तू कुठे मधे पडतोस."

फोटोवाली भेटायला आली. बराच वेळ बॅगेचा पट्टा ओढत बसली. मग म्हणाली, "जाळी सरळ होती, बाई. मला तेव्हाच दिसलं. तुम्ही इतक्या खूश होतात, मला म्हणवलं नाही. त्या माळ्याचं कळल्यावर मग तोंड दाखवायची लाज वाटली."

"बाकीच्यांना?"

"सगळ्यांनाच दिसत होतं."

ती गेल्यावर भावजयीला विचारलं, तूही इतके दिवस गप्प का बसलीस? ती म्हणाली, "बोलले होते की. सरळ आहेत म्हटलं होतं." मग थोड्या वेळाने, "तुमच्यासमोर पुन्हा बोलायचं म्हणजे छाती लागते, वन्सं."

माझा दरारा आहे हे मला ठाऊक होतं. मला तो आवडायचा.

४ डिसेंबर, सोमवार

साहेबाकडे गेले, भावजयीला घेऊन. सगळं सांगितलं. बागेत कुणी काही फवारलं नव्हतं, माझे डोळे गेले होते, माळ्याला परत घ्या.

तो अवघडला. "बाई, ते प्रकरण बंद झालं. त्याच्या जागी नवा माणूस आलाय. आता उकरायचं म्हणजे, मीच न तपासता का हलवला, हे विचारतील मला."

"का हलवलास?"

"तुम्ही म्हणालात म्हणून."

पुन्हा तेच वाक्य. ज्याला त्याला माझ्यावर भरवसा, आणि मी तो मुठीमुठीने उधळला.

लेखी देते म्हटलं. तो म्हणाला, द्या, ठेवतो. ठेवणार म्हणजे ठेवूनच देणार, हे त्याच्या आवाजात होतं.

१३ डिसेंबर, बुधवार

आज डेपोवर गेलो. वास फाटकाच्या पुष्कळ आधीपासून. भावजय म्हणाली, "मी बरोबर येते आत." मी म्हटलं, नको, हे माझं मला बोलू दे. ती फाटकाशी थांबली.

पत्र्याच्या शेडखाली एक उंच माणूस ढिगातून काही वेचून टोपलीत टाकत होता. पहाऱ्यावरच्या बाईने सांगितलं, बागेतून आलेला ना, तो काय तिथे. जवळ गेले. चेहरा दिसणार नव्हताच. मी कडेला मान वळवून बघायचा प्रयत्न केला, तर नुसता मफलर दिसला, नाका-तोंडावरून गुंडाळलेला.

मी बोलत सुटले. माझ्या डोळ्यांचं, जाळ्यांचं, साहेबाचं. दारात तुम्हाला उभं ठेवलं आणि ऐकून घेतलं नाही, ते. तुमची चूक नव्हती, तुम्ही खरं बोलत होतात, आणि मला बरोबर असण्याची इतकी सवय झाली होती की दुसरा खरं बोलत असेल हे डोक्यातच आलं नाही. बोलता बोलता रडू आलं. चारचौघांत मी कधी रडलेली नाही. त्याचं वेचणं थांबलं होतं. मी थांबेपर्यंत तो हलला नाही.

मग मफलरातून म्हणाला, "बाई, तो मी नव्हे."

मला समजेना.

"बागेतला माळी ना? तो सोडून गेला काम. मी दुसरा."

"कुठे गेला?"

"माहीत नाही. गावाकडे असेल."

"मग मला मधेच सांगितलं का नाही?"

"तुम्हाला बोलायचं होतं," तो म्हणाला. आणि पुन्हा वाकून वेचू लागला. मग वर न बघता म्हणाला, "तो सांगायचा तुमच्याबद्दल. तुमच्या घरी पाणी दिलं होतं त्याला. बसा म्हणाले होते, तो बसला नाही, म्हणे."

"त्याची गाठ पडली तर सांगाल?"

"सांगेन."

पहाऱ्यावरच्या बाईचाही घोटाळा झाला असणार. इतकी माणसं येतात-जातात. केवढं बळ एकवटून गेले होते, आणि ते सगळं भलत्याच माणसाच्या पदरात टाकून आले. आता त्या माळ्याला कुठे शोधू?

फाटकाशी आले. भावजयीने माझा हात धरला. मी म्हटलं, तो नव्हताच तो. "असं तो म्हणाला?" तिने विचारलं. समोरचं मला दिसत नाही, पण डोळ्याच्या कडेने अजून दिसतं. निघताना ती मागे वळली आणि शेडकडे बघून तिने हात जोडले. बराच वेळ जोडून उभी होती.

"अनोळखी माणसाला कशाला?" मी विचारलं.

ती म्हणाली, "तुमचं ऐकून घेतलं ना त्याने."

मग रस्ता ओलांडेपर्यंत तिने माझा हात सोडला नाही.